दादाच्या बोटीचा दांडा

ड्रिल इतक्या सहज आत गेलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं. फायबरच्या थराखाली प्लायवूड असतं आणि त्याला भोक पाडताना मनगटापर्यंत कंप जाणवतो, असं दादानेच मला सांगितलं होतं. इथे कंप नाही की आवाज नाही. टोक बाहेर काढलं तर त्याच्यासोबत काळा, ओला भुसा आला. मी भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि जरा उचकला. लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं सुटून आलं.

दादा ताडपत्रीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. काठी मांडीवर आडवी.

"काय?" त्याने विचारलं.

"कुजलंय सगळं."

"नाय," तो म्हणाला.

अर्धांगाचा झटका आल्यापासून "नाय" हा त्याचा सगळ्यात स्वच्छ शब्द होता. बाकीचे शब्द शोधावे लागायचे, हा मात्र ओठांवर तयार. मी तो ओला भुसा तळहातावर घेऊन त्याच्यापुढे नेला. त्याने डाव्या हाताच्या चिमटीत घेतला, चोळला, वास घेतला आणि टाकून दिला. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच रोज पहाटे येऊन त्या लाकडाला पाणी घालत होतो.

ही बोट दादाची. सतरा फुटी, फायबरची, पुढे स्टिअरिंग, मागे टांगलेलं पेट्रोलचं इंजिन. एका वॉटरस्पोर्टवाल्याने धंदा बंद केला तेव्हा दादाने ती मोडीच्या भावात उचलली होती, त्यालाही आता चौदा-पंधरा वर्षं झाली. तेव्हाच ती जुनी होती. बोरिवलीहून जवळ, गोराईच्या खाडीच्या काठावर एका कोळी कुटुंबाच्या अंगणात ट्रॉलीवर ती उभी असायची. भरतीच्या रविवारी दादा ती उतारावरून पाण्यात सोडायचा, गळ टाकायचा, दोन-चार तास हिंडून यायचा. नोकरी रंगाच्या कारखान्यात खरेदी विभागात. आमच्या घरात बोट असलेला हा पहिला आणि शेवटचा माणूस. वडील कोकणातून गिरणीत आले ते पुन्हा होडीत कधी बसले नाहीत. आम्ही घाटकोपरच्या चाळीत वाढलो, तिथे पाणी म्हणजे सकाळी नळाला येणारं.

मी त्या बोटीत उभ्या आयुष्यात दोनदा बसलो होतो आणि दोन्ही वेळा मला ओकारी झाली होती.

झटका आला तेव्हा दादा एकसष्टचा होता. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि तीन आठवडे बोलणंही गेलं. आलं ते मालवणीत आलं. आई गेल्यानंतर आमच्या घरात कुणी मालवणी बोलत नव्हतं. दादा तर ऑफिसात इंग्रजी, घरी मुंबईची मराठी आणि रिक्षावाल्याशी हिंदी बोलणारा माणूस. पण त्या दिवशी वहिनी त्याला पेज भरवत होत्या, मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, आणि तो एकदम म्हणाला, "माका होडी व्हयी."

वहिनींच्या हातातला चमचा थांबला. मला रडू आलं. आईच्या तोंडची भाषा अशी त्याच्या तोंडून आली म्हणून आलं, होडीसाठी नव्हे. पण त्या रडण्याच्या भरात मी म्हणून बसलो, "देऊ, दादा. तू बरा हो, बोट मी तयार करून देतो. एका हाताने चालवता येईल अशी करून देतो."

फिजिओथेरपीच्या बाईंनीही उचलून धरलं. माणसाला काहीतरी गाठायचं असलं की व्यायाम लवकर लागू पडतो, म्हणाल्या. वहिनी मात्र जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "भावोजी, विकून टाकली असती ना."

"वहिनी, त्याला बोलता येत नव्हतं आणि पहिला शब्द तो आहे. विकू कशी?"

थंडी संपता संपता मी कामाला लागलो.

मला वाटलं होतं तीन गोष्टी करायच्या. पहिली, इंजिन दोरी ओढून सुरू व्हायचं, ते चावीने सुरू व्हावं. दुसरी, स्टिअरिंगला एक गोळा बसवायचा, ट्रकवाले बसवतात तसा, म्हणजे एका हाताने फिरवता येईल. तिसरी आणि मुख्य, वेगाचा दांडा उजवीकडून डावीकडे न्यायचा. बोटीत गिअर आणि वेग एकाच दांड्यावर असतात. पुढे ढकलला की बोट पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये असला की इंजिन नुसतं घुरघुरतं. दादाच्या बोटीत तो उजव्या हाताशी होता. उजवा हात आता मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा.

मी अंधेरीला एका लिफ्ट कंपनीत नोकरीला आहे. लिफ्ट दुरुस्त करत नाही. कुठल्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली, कुठला माणूस पाठवायचा, कोण किती वेळ अडकलं, हे फोनवर बघतो. पण दादाच्या मते लिफ्टच्या कंपनीतला माणूस म्हणजे मेकॅनिक. "सोपा आसा," तो म्हणायचा. सोपं आहे. खुर्चीवर बसून.

पहिली अडचण अशी निघाली की तो दांडा ज्या डबीवर असतो, ती जुनी डबी फक्त उजवीकडेच बसते. डावीकडे लावली तर तोंड उलटं. म्हणून नवी डबी घ्यायची. नवी मिळाली, तर तिला इंजिनाकडून येणाऱ्या जुन्या केबल लागेनात, टोकं वेगळी. म्हणून नव्या केबल. माझगावकडच्या दुकानदाराने विचारलं, "लांबी किती?" दादाने सांगितलं होतं तसं मी टेप लावून मोजलं होतं, डबीपासून इंजिनापर्यंत. ते सांगितलं. केबल मागवायला पाच आठवडे गेले. आल्या, बोटीच्या काठाखालून ओवल्या, आणि इंजिनाच्या अलीकडे वीतभर संपल्या.

दादाने मान वाकडी करून बघितलं. "वळाण मोजलंस?"

"तू म्हणालास सरळ मोज."

"नाय."

"दादा, तूच म्हणालास. मी लिहून घेतलं होतं."

"नाय."

ज्यांच्या अंगणात बोट होती ते काका शेजारी बसून जाळं सांधत होते. सत्तरी ओलांडलेले, जन्म दर्यावर गेलेला, कुठलंही इंजिन आवाजावरून ओळखणारे. ते जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "केबल नाकासमोर नाय जात, साहेब. बाईमाणसासारखी वळसा घेऊन जाते." मला त्यांच्या त्या बोलण्याचाही राग आला आणि हे त्यांनी पाच आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलं याचाही. विचारलं तर म्हणाले, "तुमी विचारला नाय."

दुसऱ्या केबल मागवल्या. त्या येईपर्यंत डबी तरी बसवून घेऊ म्हणून मी डावीकडे भोक पाडायला घेतलं, आणि तेव्हाच ते कुजलेलं लाकूड सापडलं. वर्षानुवर्षं एका जुन्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपत होतं. वरून फायबर चकचकीत, आत चिखल.

त्या रविवारी मी मुलुंडला घरी जाताना घोडबंदरच्या रस्त्यावर पाऊण तास एकाच जागी उभा होतो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. बायकोचा फोन आला. "झालं का?" मी म्हणालो, "वाढलं." ती म्हणाली, "अरे, मग सांग ना दादांना स्पष्ट, नाही जमत म्हणून." मी फोन ठेवून दिला. ती बरोबर बोलत होती आणि मला तेव्हा कुणी बरोबर बोललेलं नको होतं.

मग फायबरवाला आणला. त्याने हातभर लांबीची पट्टी कापून काढली, आतलं सगळं खरवडलं, नवं प्लायवूड घातलं, वरून कापड आणि रेझिन. तो आला तीन वेळा, येतो म्हणाला अकरा वेळा. इंजिन चावीने सुरू करायचं तर स्टार्टर मोटर हवी. मोटर हवी तर तिचे दात ज्यात बसतात ते दातांचं चाक हवं. आमच्या इंजिनाला साधं चाक होतं. दारूखाना भागात, जुनी जहाजं मोडतात तिथल्या एका गाळ्यात तसंच एक मेलेलं इंजिन मिळालं, त्याचं चाक आणि मोटर काढून आणली. मोटरची पकड एका बाजूने तुटलेली. ती अंधेरीच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून घेतली, जेवणाच्या सुट्टीत, डबा न खाता. पहिली पकड त्याने आरशातल्यासारखी उलटी केली. मी कागदावर काढलेलं चित्रच उलटं होतं, असं त्याने मला कागद दाखवून सिद्ध केलं.

दरम्यान पाऊस आला आणि चार महिने बोट प्लास्टिकखाली गेली. मला वाटलं, सुटका. पण दादाला फोनवर फोटो पाठवायला वहिनींनी शिकवलं होतं. डाव्या अंगठ्याने तो मला कुठल्या कुठल्या बोटींचे, बॅटरीच्या पेट्यांचे, पंपांचे फोटो पाठवायचा. बरोबर एक शब्द. "बघ." किंवा "हा." मी दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या बायकांशी बोलायचो आणि मध्येच स्क्रीनवर एक पंप उगवायचा. बोटीत साठलेलं पाणी आपोआप बाहेर टाकणारा पंप. तोही मग घेतला. तो लावायचा तर वायरिंग बघायला हवं, म्हणून पॅनेल उघडलं, तर तांब्याच्या तारा मोरपंखी झालेल्या. हातात धरल्या की मोडायच्या. सगळं वायरिंग बदललं. नवरात्राच्या सुट्ट्या त्यात गेल्या. पाठ धरली. बोटीत उताणं पडून, स्टिअरिंगच्या खालच्या अरुंद खबदाडीत तोंड घालून, टॉर्च दातात धरून मी तारा जोडायचो, आणि बाहेरून दादाचा आवाज यायचा, "ताणून बांध."

एकदा मी आतूनच ओरडलो, "तू ये आत. ये ना! बांध ताणून!"

मग सरपटत बाहेर आलो. दादा समोर खाडीकडे बघत होता. मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "चहा घेणार?"

इंजिनाची चाचणी आम्ही अंगणातच घेतली. मोठ्या पिंपात पाणी भरून त्यात इंजिनाचं खालचं टोक बुडवलं. मी चावी फिरवली. मोटर खर्र करून फिरली, इंजिनाने धूर ओकला आणि ते सुरू झालं. सांगतो, नऊ महिन्यांत मला मनापासून बरं वाटलं ते तेवढंच. काकांनीही मान डोलावली. मग मी दांडा पुढे ढकलला आणि पिंपातलं पाणी भस्सकन चुकीच्या दिशेने उसळून माझ्या अंगावर आलं. पाण्यात असती तर पुढे ढकलल्यावर बोट मागे गेली असती. डबी डावीकडे लावताना आतली केबल दुसऱ्या बाजूला जोडायची असते. हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. पुन्हा सगळं खोलायचं. मी भिजलेला शर्ट पिळला आणि त्या ट्रॉलीच्या टायरला एक लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं पडलं. ते पुढे महिनाभर माझ्याबरोबर होतं.

अखेर दिवाळी झाल्यावर, सकाळी भरती असलेला एक रविवार बघून बोट पाण्यात सोडायचं ठरलं. वहिनी आल्या. काकांनी इंजिनाला हार घातला, नारळ फोडला. दादाला लाइफजॅकेट घातलं. काका आणि मी, दोघांनी धरून, फळीवरून त्याला आत घेतलं. बाकी सगळं होईपर्यंत एवढ्या साध्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता, की तो आत येणार कसा. फळी हलत होती. दादाचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं होतं आणि तो दातांवर दात दाबून श्वास घेत होता. त्याला चालकाच्या सीटवर बसवलं. नवी सीट, उंच पाठीची, तीही मीच लावलेली. मी त्याच्या डावीकडे बसलो, काका पुढे टोकाशी नांगराजवळ.

चावी दादाने फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. काकांनी बांबूने बोट लोटली आणि आम्ही काठापासून सुटलो. पाणी संथ होतं. पलीकडे खारफुटी, त्यावर बगळे, ऊन अजून कोवळं. काठावर वहिनी पदर सावरत उभ्या.

"घे, दादा," मी म्हणालो. "ढकल पुढे."

त्याचा डावा हात मांडीवर होता. उजव्या हाताच्या शेजारी. दोन्ही हात अगदी सारखे पडले होते.

"दादा, ढकल. हलका आहे. मी ग्रीस केलंय."

बोट आपोआप हळूहळू फिरत होती.

"दादा."

"तू चालय," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"तू. चालय."

मग मी जे बोललो ते काकांनी ऐकलं, बहुतेक काठावर वहिनींनीही ऐकलं, पाण्यावर आवाज लांब जातो. मी म्हणालो, नऊ महिने. नऊ महिने मी एक रविवार घरी जेवलो नाही. माझी मुलगी विचारते बाबा कुठे आहे, तर तिला बोटीचा फोटो दाखवतात. हा दांडा उजवीकडे होता, चांगला होता, मला चालवायची असती तर तो तिथे चालला नसता का? कुणासाठी इकडे आणला? लाकूड कुणासाठी कापलं? मला पोहता येत नाही, दादा. मला पाणी बघितलं की मळमळतं. मी काय हौस म्हणून...

"साहेब," काका पुढून म्हणाले, "भांडान मंगशी करा. आधी गेर टाका, नायतर चिखलान बसू."

खरंच आम्ही खारफुटीकडे वाहत चाललो होतो. मी उभा राहिलो. दादाच्या अंगावरून हात लांब करून स्टिअरिंग धरलं, डाव्या हाताने दांडा ढकलला. बोटीने हिसका दिला. काका मागे कलंडले आणि त्यांनी कोळी भाषेत काहीतरी शिवी दिली, ती मला की बोटीला ते मी विचारलं नाही. कसंबसं खोल पाण्यात आलो आणि मी दांडा मध्ये आणला.

इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं. दादा समोर बघत होता. त्याच्या तोंडाची उजवी बाजू अजून जरा ओघळलेली असते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरून पटकन काही कळत नाही. पण डोळ्यात पाणी होतं.

"माका भिती वाटता," तो म्हणाला.

माझा दादा. पोहायला येत नसताना वयाच्या सातव्या वर्षी गावच्या व्हाळात, भरल्या ओढ्यात, उडी मारलेला. चाळीतल्या दारुड्याला जिन्यावरून खाली ढकलणारा. त्याला मी हे वाक्य आजवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं, ना मराठीत ना मालवणीत.

तो शब्द शोधत होता. मी थांबलो. त्याने मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "ह्येका ठाऊक होता," तो म्हणाला. मग डावा हात माझ्यापुढे धरला. "ह्येका नाय."

एवढंच. मी दांडा उजवीकडून डावीकडे आणला होता. हात मला आणता येणार नव्हता.

मग मी चालवली. दहा-पंधरा मिनिटं असतील. जागा बदलणं शक्य नव्हतं, म्हणून मी दादाच्या सीटच्या बाजूला वाकून उभा. स्टिअरिंग एका हाताने, दांडा दुसऱ्याने. पाठ आधीच धरलेली, त्यात मळमळ. आणि थोड्या वेळाने बाजूने आवाज यायला लागला. "हळू." मग, "डावीकडे, गाळ आसा." मग, "नाय. नाय. नाय." मी दात खाऊन चालवत होतो. फेरीबोटीच्या धक्क्याच्या अलीकडेच मी बोट वळवली आणि काठाच्या बाहेर तोंड काढून ओकलो. काकांनी न सांगता मागे येऊन दांडा धरला आणि बोट काठाला लावली. दादाने खिशातून रुमाल काढून दिला.

काठावर वहिनींनी आधी दादाला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडे आल्या. मी ट्रॉलीच्या दांडीवर बसलो होतो.

"नाही चालवली ना त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "गणपतीपासून सांगत होते. नको म्हणून."

मी वर बघितलं. "तुम्हाला गणपतीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार, भावोजी? तुम्ही एवढं करत होतात. ते म्हणाले, त्याका सांगा नको. तो इतक्या हौसेने करतो, त्याचं मन मोडेल."

मी हसलो नाही. आता सांगताना लोक इथे हसतात. मला त्या वेळी उठून बोटीला आग लावावीशी वाटली होती. मी हे सगळं त्याच्या हौसेसाठी करत होतो आणि तो ते माझ्या हौसेसाठी करू देत होता. ते पंपांचे फोटो, ते "बघ", ते "ताणून बांध". वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून पाठवायचे हो." आणि मी वैतागून ते पंप विकत घेत होतो.

नंतरचे तीन रविवार मी गेलो नाही. घरी जेवलो, दुपारी झोपलो, मुलीबरोबर पत्ते खेळलो. चौथ्या आठवड्यात अवेळी पाऊस पडला, दिवसभर. संध्याकाळी सहाच्या सुमारास दादाचा फोन आला. फोटो नाही, स्वतः फोन. श्वास ऐकू आला, मग शब्द. "होडयेत पाणी भरला आसतला."

"पंप आहे ना. आपोआप चालतो."

"बघ तरी."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून गेलो. पंप चालला नव्हता. पाणी घोट्याच्या वर, नवी बॅटरी अर्धी बुडालेली. पंपाचा जो तरंगता खटका असतो त्यात एक चिंचेचं पान अडकलं होतं. एक पान. मी ते काढलं, पंप लगेच गुणगुणायला लागला.

मग विकायची, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मोकळेपणाने, समोरासमोर बसून, वहिनींच्या देखत. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिल्याने दांडा बघितला आणि विचारलं, "हा डावीकडे का? परत उजवीकडे करून द्याल का?" मी त्याला सरळ नाही म्हणालो. दुसऱ्याला बोट आवडली होती, पण दादाने त्याला इंजिनाचे एवढे दोष सांगितले, अडखळत, एकेक शब्द शोधून, की तो अर्ध्यातच विचार करून कळवतो म्हणाला.

"तुला विकायची आहे की नाही?" मी गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं. "आता खरं सांग. माझं मन मोडत नाही."

"माहीत नाय," तो म्हणाला.

निदान हे खरं होतं.

आता मी महिन्यातून दोनदा जातो, दर रविवारी नाही. इंजिन दहा मिनिटं पिंपात चालवतो, बॅटरी बघतो, गंज पुसतो. भरती जुळली तर काका आणि मी दादाला घेऊन धक्क्यापर्यंत जाऊन येतो. मी गोळी घेऊन चालवतो, तरी मळमळतं. तो शेजारी बसतो आणि चुका काढतो. त्याच्या शब्दांची संख्या वाढली आहे, माझ्या चुकांचीही. पाण्यात त्याने अजून एकदाही दांड्याला हात लावलेला नाही आणि मी एकदाही लाव म्हणालेलो नाही.

मागच्या खेपेला बोट ट्रॉलीवरच होती, पाण्याबाहेर. दादाने आत बसवायला सांगितलं. बसवला. मी मागे इंजिनाचं झाकण उघडून एक पट्टा बदलत होतो. थोड्या वेळाने पुढून आवाज आला. टक्. मग पुन्हा टक्. दादा बंद इंजिनावर डाव्या हाताने दांडा पुढे ढकलत होता, मध्ये आणत होता, मागे ओढत होता. डोळे मिटलेले. पुन्हा वळून बघायचं नाही म्हणून मी पाना घट्ट धरला, त्या नादात हातातला नट निसटला आणि बोटीच्या तळात, पार खाली, तेलकट पाण्यात गेला. तसला नट माझगावला मिळतो, बोरिवलीत मिळत नाही. मी पोटावर पडलो, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपायला लागलो.

"सापडला?" पुढून दादाने विचारलं.

"नाय," मी म्हणालो.